झड लागली की तळघर भरतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाट्याला दोन तळघरं आली. एक गावातल्या जुन्या वाड्यातलं. दुसरं वडिलांनी गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधलं त्यातलं, बी-बियाणं आणि कापूस ठेवायला काढलेलं. पहिल्यात मी कधी ओल पाहिली नाही. दुसऱ्यात पोळ्याच्या आसपास घोटा बुडेल एवढं पाणी ठरलेलं. मी वर्धा जिल्ह्यात घरबांधणीची कामं घेतो, त्यामुळे जूनपासून फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात.

पाणी रात्री भरलं. सकाळी उठून पहिलं काम कोणतं?

वीज बंद करणं. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि तिथवर कोरड्या पायाने जाता येत असेल तरच हात लावा. बोर्ड तळघरातच असेल, किंवा जाताना पाण्यातून जावं लागत असेल, तर लाइनमनला बोलवा, नाहीतर महावितरणच्या १९१२ वर फोन करा. डीपीवर जाऊन स्वतःच फ्यूज काढायची आपल्याकडे सवय आहे. भर पावसात, ओल्या हातांनी ती मुळीच नको.

दुसरं, साप. बिळांत पाणी शिरलं की नाग, मण्यार, घोणस कोरडी जागा शोधत येतात. ती जागा म्हणजे जिन्याची वरची पायरी, फळी, नाहीतर रचलेल्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, फट. बॅटरी, गमबूट आणि लांब काठी घेतल्याशिवाय उतरू नका. दिसला तर सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक हे काही न करता १०८ लावा आणि दवाखाना गाठा.

तिसरं, फोटो. एक वस्तू हलवायच्या आधी. का, ते पुढे सांगतो.

मोठी मोटार लावून एका तासात उपसून टाकू का?

इथे घाई झाली की भिंत जाते. तळघराबाहेरची माती पाण्याने फुगलेली असते आणि आतल्या बाजूला ढकलत असते. मीटरभर खोलीवर पाण्याचा दाब चौरस मीटरला सुमारे एक टन होतो. आत साठलेलं पाणी त्याला उलटा टेका देत असतं. टेका एकदम काढला, तर मातीत बांधलेली दगडी भिंत किंवा चार इंची विटांची भिंत आत कोसळते, आणि तेव्हा नेमकं कुणीतरी पाइप धरून खाली उभं असतं.

आधी पाऊस थांबू द्या, आवारातलं पाणी ओसरू द्या. मग फूटभर उपसा, भिंतीवर खडूने रेघ मारा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी पुन्हा वर चढलेलं दिसलं, तर बाहेरची जमीन अजून भरलेली आहे, थांबा. तिथेच असेल तर आणखी फूटभर काढा. दोन-तीन दिवस लागतात, लागू द्या. बारा बाय दहाच्या तळघरात फूटभर पाणी म्हणजे सुमारे ३,४०० लिटर, पंधरा लिटरच्या सव्वादोनशे बादल्या. पण बादल्यांनी उपसणाऱ्यांची भिंत पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

शेतातलं डिझेल इंजिन खाली उतरवलं तर चालेल का?

नाही. इंजिन बाहेर, मोकळ्यावर. खाली फक्त सक्शनचा पाइप. बंद जागेत इंजिनाचा धूर काही मिनिटांत माणसाला आडवा करतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे खालच्या माणसाला कळतही नाही आणि त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडतो. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला आणि जनरेटरलाही हाच नियम.

खाली धान्यात टाकायच्या गोळ्या होत्या. त्या भिजल्या.

मग उतरूच नका. कीड लागू नये म्हणून टाकतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना पाणी लागलं की फॉस्फिन वायू निघतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला तर तोच समजा, पण वास आला नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. दारं-झरोके उघडा, तळघराच्या वरच्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका, आणि कृषी सहायकाला किंवा औषध देणाऱ्या दुकानदाराला कळवून मगच पुढचं काम करा. फवारणीच्या बाटल्या फुटल्या असतील, तर उपसलेलं पाणी विहिरीकडे किंवा ढोरांच्या टाक्याकडे जाणार नाही याची आधी सोय करा.

जुन्या पेवांचाही, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांचाही, एक धोका आहे. ओलं धान्य आंबलं की पेवात प्राणवायू उरत नाही. कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही हे खरं, पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली असं मात्र नाही. विषारी वायूची खबर कंदील देत नाही.

वाड्याचं जुनं तळघर कोरडं आणि नव्या घराचं ओलं, असं का?

सगळे म्हणतात, जुने कारागीर भारी होते. होतेच. पण खरी गोष्ट जागेची आहे. आपल्याकडे गावाची जमीन पांढरी आणि शेताची काळी. पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मातीची घरं पडून, राख-शेण साचून तयार झालेलं टेकाड. गावठाण आजूबाजूपेक्षा चार-सहा हात उंच असतं ते त्यामुळे. वाडा त्या टेकाडावर असतो. त्याचा तळ खोल असला, तरी पाण्याला चहूबाजूंनी उतरून जायला वाट असते.

नंतर गावठाण पुरेना, तेव्हा आपण एन.ए. म्हणजे बिगरशेती प्लॉट पाडून काळीत उतरलो आणि तिथेही तळघर खणलं. काळी माती वैशाखात हातभर खोल फाटते आणि पावसात फुगते. मृगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून सरळ पायापर्यंत जातं. दोन-तीन पावसांनंतर भेगा मिटतात, आणि मग हीच माती पाणी सोडत नाही. खणलेल्या खड्ड्याभोवती आपण मोकळी भरती केलेली असते, ती घट्ट काळ्या मातीच्या मधोमध वाटीसारखी राहते. त्या वाटीत पाणी साचतं आणि वाटीच्या मधोमध आपलं तळघर.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानाच्या भागात, आणखी एक भानगड. गडचिरोलीकडे वर्षाला १,३०० मिमीच्या वर पाऊस, त्यात धानाच्या बांधीत पाणी मुद्दाम साठवलेलं. घरालगत बांधी असेल तर तळघर कोरडं राहील ही आशा सोडा. बुलढाणा-अकोल्याकडे पाऊस ७००-८०० मिमीच, पण तोही चार-सहा झडींतच पडून जातो.

पाणी नेमकं कुठून येतं, हे कसं ओळखायचं?

घड्याळ लावून. पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पाणी आलं, तर ते वरचं: छपराचं, अंगणाचं, रस्त्याचं. ते जिन्यावरून, झरोक्यातून किंवा भिंतीच्या वरच्या अंगाने येतं. पाऊस थांबून दिवस उलटल्यावर फरशीच्या सांध्यांतून, कोपऱ्यांतून हळूहळू वर आलं, तर ते जमिनीतलं. काळपट, वास मारणारं असेल तर नालीचं.

विहीर जवळ असेल तर गवंड्याची लेव्हल ट्यूब आणि दोरी घ्या. विहिरीतलं पाणी तळघराच्या फरशीपेक्षा वर आहे की खाली, ते मोजा. श्रावण-भादव्यात विहिरी काठोकाठ येतात तेव्हा हे एकदा मोजलंच पाहिजे. पाणी फरशीच्या वर असेल, तर तुमचं तळघर म्हणजे पायऱ्या असलेली दुसरी विहीर आहे. बाकी सगळा खर्च हे कळल्यावर.

भर पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा. मी नव्या गिऱ्हाइकाला हेच सांगतो आणि दहातले सात जण मारत नाहीत. त्या दहा मिनिटांत तुटलेली पन्हाळ दिसते, भिंतीकडे वळलेला उतार दिसतो, आणि घुशीची बिळं दिसतात. घूस पायालगत पोखरते तेव्हा पाण्याला आयती मोरी मिळते.

फरशी नुसती ओलसर दिसते, पाणी साचत नाही. तीही गळतीच का?

दरवेळी नाही. पावसाळ्यातली दमट हवा थंड फरशीला लागली की फरशीला घाम येतो. दोन फूट चौरस प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि एक दिवस ठेवा. खालून ओलं झालं तर जमिनीतली ओल, वरून ओलं झालं तर हवेतली. हवेतली असेल तर पावसाळ्यात झरोके उघडे ठेवून उलट त्रास वाढतो. ऊन पडलेल्या कोरड्या दिवशीच उघडा.

आतून वॉटरप्रूफिंग करून घेतलं तर प्रश्न मिटेल का?

आमच्याकडे मिटला नाही. एका कंत्राटदाराने आतून रसायनाचे तीन हात मारून, वर चार इंच काँक्रीट टाकून दिलं. मी तेव्हा धंद्यात नवा होतो, मान डोलावली. भिंती खरंच कोरड्या राहिल्या. भादव्यात फरशी मधोमध फुगली आणि उभी चिरली.

हिशेब साधा होता, तेव्हा केला नाही. चार इंच काँक्रीटचं वजन चौरस मीटरला साधारण २४० किलो. खालून फूटभर पाण्याचा दाब आला की तो ३०० किलोच्या वर जातो. म्हणजे लादी उचलली जाणारच. आतला थर पाण्याला अडवतो, पण दाब कुठे जात नाही. आतून लेप द्यायचाच असेल, तर काँक्रीटमध्ये मुरून स्फटिक धरणारा प्रकार घ्या, आणि तोही बाहेरचं पाणी वळवून झाल्यावर. भिंतीच्या बाहेरून शहाबादी फरशी लावून करतात ते बॉक्स वॉटरप्रूफिंग चांगलं, पण ते खड्डा उघडा असताना करायचं काम आहे. घर उभं राहिल्यावर त्यासाठी चारी बाजू खणणं म्हणजे पायाशी खेळ.

मग बाहेरून काय करायचं?

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. पाणी भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. पंप, लेप, प्लास्टर ही नंतरची कामं.

छपरापासून सुरू करा. एक मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि १०० मिमी पाऊस धरला, तर एका दिवसात ९,३०० लिटर पाणी छपरावरून उतरतं. आपल्याकडे ते कुठे पडतं? वळचणीला, बरोबर तळघराच्या भिंतीवर. पत्र्याला पन्हाळ लावा, स्लॅबच्या पाइपाला पुढे पाइप जोडा आणि पाणी भिंतीपासून दहा-पंधरा फूट लांब, उताराकडे सोडा. अर्धी तळघरं एवढ्यानेच सुधारतात. पत्र्याच्या पन्हाळीला खर्च किरकोळ, पण कुणी करत नाही. घराला लावलेली पन्हाळ दिसायला बरी वाटत नाही म्हणे.

मग उतार. भिंतीलगत सहा-सात फुटांपर्यंत जमीन बाहेरच्या बाजूला चार-पाच इंच उतरती हवी. भराव मुरमाचा घालून, पाणी मारून धुमसा. काळी माती घातली तर उन्हाळ्यात फाटेल आणि सगळं मुसळ केरात. मुरमावर तीन फुटांची काँक्रीटची पट्टी, तिला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. पट्टी आणि भिंतीमधला सांधा डांबराने भरा. सिमेंटने भरला तर पहिल्याच वैशाखात सुटतो.

पाणी शेताकडून येत असेल तर वरच्या अंगाला आडवी चर खणा. तळाला भोकं पाडलेला पाइप, भोवती गिट्टी, गिट्टीभोवती माती आत येऊ न देणारं कापड, आणि पाइपाचं तोंड खालच्या नाल्याकडे. चर भिंतीला चिकटून नको, पाच-सात फूट लांब बरी.

शेवटी शोषखड्डा. सांडपाण्याचे खड्डे गावोगाव झाले, चांगलं झालं. पण बरेच जण जागा नाही म्हणून तो न्हाणीच्या मागे, तळघराच्या भिंतीला खेटून घेतात, आणि मग बारा महिने स्वतःच भिंतीला पाणी पाजतात. तो किमान पंधरा-वीस फूट लांब आणि घराच्या खालच्या अंगाला हवा. भिंतीलगत सांदवाडी, म्हणजे परसबाग, असेल तर आळ्यांतलं पाणीही मोजा.

ग्रामपंचायतीने सिमेंटचा रस्ता केला आणि घर खाली गेलं. आता?

जुन्यावर नवा थर, दर खेपेला सहा इंच. दोन योजना झाल्या की उंबरठा रस्त्याखाली. काम सुरू व्हायच्या आधी, ग्रामसभेतच, जुना रस्ता खोदून त्याच पातळीवर नवा करावा असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काम झाल्यावर ओरडून उपयोग होत नाही, असा माझा अनुभव.

झाला असेल तर जिन्याच्या तोंडाशी फूटभर उंच मुंढारी, म्हणजे ठेंगणी भिंत, बांधा, झरोक्यांना बाहेरून विटांची कोठी करून वर पत्रा द्या, आणि फाटकाशी आडवी जाळीची नाली घ्या. नालीचं पाणी उलटं येत असेल, तर तळघराचा पाइप तिला सरळ जोडलेला नको. मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवा आणि ती पावसाआधी उघडून साफ करा, एका प्लास्टिकच्या पिशवीने ती अडकते.

शेजाऱ्याने धुरा (बांध) उंच केला, नाला बुजवला, म्हणून पाणी आमच्याकडे वळलं.

आधी चहा पाजून बोला. नाही ऐकलं, तर शेतजमिनीतला पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्याबद्दल मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावं लागतं, आणि बहुतेकांचे सहा महिने रागावण्यातच जातात.

तळघरात कायमचा पंप बसवावा का?

जमिनीतलं पाणी येत असेल तर हो. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन बाय दोन, अडीच फूट खोल खड्डा घ्या, तळाला गिट्टी टाका, त्यात लहान मड पंप आणि फ्लोट स्विच बसवा. पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू होतो. टिल्लू पंपाला गाळ चालत नाही, तो जळतो. वायरिंग छातीच्या वर घ्या आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, लावा. पण झडीत वीज जातेच, तेव्हा एकट्या पंपाच्या भरवशावर तूर-चना खाली ठेवू नका.

पाहुणे आले की तळघरात झोपवता येईल का?

पावसाळ्यात नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि झोपेतल्या लोकांच्या घरांत पाणी शिरलं. तळघरातून निघायला एकच जिना असतो, आणि पाणी त्याच जिन्याने येतं.

घरचं सोयाबीन बियाणं भिजलं. वाळवून पेरता येईल का?

भिजलेलं असेल तर बहुधा नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक, एकदा फुगून वाळलं की कोंब मरतो. खात्री करायची तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तरच्या खाली उगवले तर पेरणीला नको. वरच्या थप्पीचे कोरडे कट्टे वेगळे तपासा, भिजलेल्यांत मिसळू नका.

खायच्या धान्याला बुरशी दिसली, कुबट वास आला, तर ते ढोरांनाही घालू नका. धुऊन, भाजून बुरशीचं विष जात नाही. तळघरात भावाची वाट बघत ठेवलेला कापूस ओला झाला असेल तर थप्पी लगेच मोडा आणि पसरा. ओला कापूस आतून तापतो, पिवळा पडतो, आणि मग व्यापारी काय भाव सांगेल ते वेगळं सांगायला नको.

नुकसानीची मदत मिळते का?

चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस महसूल मंडळात नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. तलाठ्याला लगेच कळवा आणि पंचनाम्यात नाव घाला. आता त्यांच्या पाटीवर ग्राम महसूल अधिकारी असं असतं. फोटोत पाण्याची भिंतीवरची खूण दिसली पाहिजे. म्हणून सुरुवातीला म्हटलं, आधी फोटो, मग साफसफाई. पीकविम्यावर भिस्त ठेवू नका, तो शेतातल्या पिकाचा, घरात आणून ठेवलेल्या मालाचा नाही.

पाणी गेलं, पण भिंतीवर पांढरी पावडर येते.

लोणा. पाण्यातले क्षार भिंतीवर येऊन वाळतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर तो पाचवीलाच पुजलेला. कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, धुतलं की क्षार पुन्हा आत मुरतात. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर तर कधीच नको. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतं, आणि दोन-चार वर्षांत विटा आतून भुरभुरतात. चुन्याचाच गिलावा करा. गवंडी सापडायला वेळ लागेल.

आवारातल्या विहिरीचं पाणी प्यावं का?

पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर लगेच नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या आणि पाणी तपासेपर्यंत उकळून प्या.

आता नवं घर बांधतोय. तळघर काढू का?

काळीत असाल तर नको. तोच पैसा जोत्यात घाला, तीन फूट उंच घ्या, माळा काढा. मुरमाड चढावर असाल आणि भादव्यात विहिरीचं पाणी तळापेक्षा चांगलं खाली राहत असेल, तर काढा, पण बॉक्स वॉटरप्रूफिंग आणि चर सुरुवातीलाच धरून.

आहे ते बुजवून टाकायचं म्हटलं तर?

आम्ही शेवटी तेच केलं. उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आसपास, विहिरी तळाला गेलेल्या असताना करा. आधी खालच्या लादीला चार-पाच ठिकाणी आरपार भोकं पाडा, नाहीतर भरावाखाली हौद तयार होतो आणि वरची फरशी वर्षानुवर्षं ओलावते. वायरिंग, पाइप काढून घ्या. तळाला फूटभर गिट्टी, वर मुरूम, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. ट्रॅक्टरवाला स्वस्तात काळी माती आणून देतो म्हणेल, घेऊ नका. एक पावसाळा भराव तसाच बसू द्या, खचेल तिथे पुन्हा भरा, आणि वरची फरशी दिवाळीनंतर करा.